वास गेला म्हणजे घाण गेली असे नव्हे

व्यापारी संकुल नाही असे तालुक्याचे गाव आता विरळाच. बसस्थानकासमोर किंवा जुन्या बाजारपेठेत दोन-तीन मजल्यांची इमारत उभी राहते. खाली किराणा, कापड, मेडिकल, चहाचे हॉटेल. वर दवाखाना, विमा एजंटचे कार्यालय, एखादा कोचिंग क्लास. मागे जिन्याखाली सर्वांचा मिळून एक संडास आणि त्याच्याही मागे फरशीखाली कुठेतरी सेप्टिक टँक. ही टाकी नेमकी कुठे आहे हे बहुधा ती बांधणाऱ्या गवंड्यालाच ठाऊक असते.

मग एखाद्या पावसाळी सकाळी तळमजल्यावरच्या गाळ्याचे शटर वर करावे, तर आत घोटाभर काळे पाणी. मोरीच्या जाळीतून बुडबुडे येत आहेत, वासाने उभे राहवत नाही, खालच्या फळीवरची पोती भिजून फुगली आहेत. बाजाराचा दिवस तोंडावर. अशा वेळी आपल्याकडे काय होते हे वाचकांना सांगायला नको. दुकानातल्या मुलाला बादली आणि खराटा दिला जातो, पाणी रस्त्यावर लोटले जाते, वरून फिनेलची बाटली रिकामी होते, दोन उदबत्त्या लागतात आणि अकरा वाजता गिऱ्हाईक सुरू. वास गेला, म्हणजे घाण गेली अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात फिनेलच्या वासाने मैल्याचा वास फक्त झाकला जातो. फरशीच्या सांध्यात, काउंटरच्या तळाशी आणि भिंतीच्या गिलाव्यात जे मुरलेले असते, ते तिथेच राहते.

साध्या पावसाचे पाणी दुकानात शिरणे वेगळे आणि मैल्याचे पाणी शिरणे वेगळे. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी जिवाणू असतात. बहुतेक निरुपद्रवी, पण इमारतीतील शंभर माणसांपैकी एखाद्याला विषमज्वर, काविळ किंवा हगवण असली तरी त्याचे जंतू त्या पाण्यात येतात. शिवाय गटारात उंदीर असतातच. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. आमच्याकडे पावसाळ्यात तापाचे जे रुग्ण येतात, त्यांत शेतात राबणारे असतात तसे बाजारपेठेतील दुकानात काम करणारेही असतात. ताप आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे घेऊन आलेल्याला खोदून विचारले की उत्तर मिळते, "दहा-बारा दिवसांपूर्वी गाळ्यात संडासाचं पाणी आलं होतं, ते मीच काढलं." पायांत काय होते? स्लीपर.

पाणी उलटे का येते?

पाणी तुंबले की ते सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते, एवढा साधा नियम लक्षात ठेवावा. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश ओढला किंवा दवाखान्यात बेसिनचा नळ सोडला, की ते पाणी उभ्या नळातून खाली येते. पुढे वाट बंद असेल तर तळमजल्याच्या मोरीतून किंवा संडासाच्या भांड्यातून वर चढते. म्हणजे ज्याच्या दुकानात घाण येते त्याने काही केलेलेच नसते. भांडणे इथूनच सुरू होतात.

वाट बंद होण्याची कारणे ठरलेली आहेत. सेप्टिक टँक वर्षानुवर्षे उपसलेली नसते. हॉटेलच्या मोरीतून तेल-तूप जाते, ते नळात थिजते आणि त्याला चहाचा चोथा चिकटत जातो. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, फडकी हे सारे संडासात टाकले जाते. आणि चौथे कारण खास पावसाळ्याचे. टाकीचा निकास ज्या उघड्या गटारात सोडलेला असतो, ते गटारच भरून वाहू लागले की पाण्याची पातळी नळाच्या वर जाते आणि प्रवाह उलटतो.

उलट्या प्रवाहाने काय घडू शकते याचे मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे सरकले आणि वझिराबाद येथे जिथून शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाई, तिथपर्यंत पोचले. जलशुद्धीकरण केंद्रातील लोकांनी क्लोरीन वाढवले. त्यामुळे विषमज्वर, हगवण यांची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. गढूळ पाण्यात क्लोरीन ओतून जिवाणू मेले, काविळीचा विषाणू मात्र निसटला. हा हिपॅटायटिस-ई होता, हे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी कळले. आपल्या इचलकरंजीतही २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे याच काविळीची मोठी साथ येऊन गेली. एका गाळ्यातील घोटाभर पाण्याची गोष्ट अर्थातच इतकी मोठी नव्हे. पण घाण न काढता औषध ओतणे व्यर्थ आहे, हा दिल्लीचा धडा तिथेही तसाच लागू पडतो. त्याकडे पुढे येऊच.

आधी बंद काय करावे?

सफाईला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी थांबवायच्या. पहिली वीज. पाणी प्लगच्या पातळीला लागले असेल किंवा फ्रीज, वजनकाटा, इन्व्हर्टर पाण्यात असेल, तर आत पाऊलही टाकू नये. मेन स्विच कोरड्या जागी असेल तरच तो बंद करावा. नाहीतर वायरमनला किंवा महावितरणच्या माणसाला बोलवावे. ओल्या पायांनी आत जाऊन स्विच शोधणारे लोक दरवर्षी प्राण गमावतात. भिजलेला फ्रीज, पंखा किंवा इन्व्हर्टर वायरमनने तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नये.

दुसरी गोष्ट, वरच्या मजल्यांचा पाणीवापर. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तिथे एक माणूस बसवावा. हे केले नाही तर खाली तुम्ही बादल्या उपसत राहाल आणि वर क्लासची मुले फ्लश ओढत राहतील. वरच्यांना थोडा त्रास होईल, तो त्यांनी सोसावा.

तिसरी, माणसांची ये-जा. लहान मुले, वृद्ध आणि विशेषतः गरोदर स्त्रिया यांना तिथे फिरकू देऊ नये. हिपॅटायटिस-ई ची काविळ इतरांना बहुधा सौम्य जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ती पाचांतल्या एकीचा जीव घेऊ शकते. दुकानात झाडू-फरशीला येणारी बाई गरोदर असेल तर तिला त्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी.

चेंबरमध्ये कोणीही उतरू नये

आता सर्वांत गंभीर मुद्दा. तुंबलेले मोकळे करायचे म्हणजे चेंबर उघडायचे आणि कोणाला तरी आत उतरवायचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. ही रीत माणसे मारते.

सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत, चेंबरमध्ये, तळघरात साचून राहतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका वाढला की वास नाहीसा होतो आणि आतल्या माणसाला वाटते, आता बरे आहे. प्रमाण आणखी वाढले तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. जोडीला मिथेन असतो, तो पेट घेतो. म्हणून झाकण उघडून आत काडी पेटवून पाहणे किंवा विडी ओढत वाकणे हा शुद्ध आत्मघात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क या वायूला अडवत नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. इथे उलटे घडते. पहिला खाली कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. वर्तमानपत्रांतून अशा बातम्या आपण वाचतो तेव्हा मृतांत बहुधा दोन-तीन नावे असतात, ती यामुळेच. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नये. अग्निशमन दलाला आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला ताबडतोब फोन करावा, झाकणे उघडी ठेवावीत, लोकांना दूर हटवावे. कमरेला दोर बांधलेला असेल तरच त्याला वरून ओढावे.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास मनाई करतो. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही मनाई फक्त नगरपरिषदेला आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इमारतीच्या मालकाला आणि गाळेधारकालाही ती लागू आहे. गटारातील मृत्यूबद्दल ३० लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हटले. आमच्या मते भरपाईचा आकडा वाचून घाबरण्यापेक्षा, पाचशे रुपये हातावर ठेवून आपण कोणाला खाली उतरवतो आहोत आणि त्याच्या घरी कोण आहे, हे मालकाने एकदा मनात आणावे.

मग करायचे काय? मैला उपसणारा टँकर बोलवावा. बहुतेक नगरपरिषदांकडे तो असतो, खासगीही मिळतो. वरून पाइप सोडून तो टाकी उपसतो. नळ चोंदला असेल तर लांब लवचीक सळई किंवा जोरदार पाण्याचे यंत्र वापरून बाहेरूनच मोकळा करता येतो. झाकण उघडल्यावर तोंड वळवून लांब उभे राहावे. आणि टँकरवाला तो मैला नेऊन कुठे ओततो, हेही विचारावे. ओढ्यात ओतणार असेल तर आपली घाण आपण दुसऱ्याच्या विहिरीत पाठवतो आहोत.

तळघरात गाळे असतील तर एक सावधगिरी आणखी. तिथे मैल्याचे पाणी रात्रभर साचले असेल तर शटर, झरोके उघडून पुरेसा वेळ हवा खेळू द्यावी आणि पाणी शक्य तितके बाहेरून पंपाने उपसावे. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप मात्र तळघरात नेऊ नये. त्याच्या धुराने कोंडलेल्या जागेत जीव जातो. पंप बाहेर आणि पाइप आत, असे असावे. पाणी उपसून झाल्यावर पहिल्यांदा आत जाणाराने एकटे जाऊ नये.

हातापायांची तयारी

काम मालकाने करावे, नोकराने करावे की नगरपरिषदेच्या कामगाराने, हा प्रश्न वेगळा. जो करील त्याच्या पायांत गमबूट हवेत. कृषी सेवा केंद्रात किंवा हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळतात. कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर साधा का होईना चष्मा, आणि शिंतोडे तोंडात जाऊ नयेत म्हणून मास्क. अंगावर उघडी जखम असेल त्याला हे काम देऊच नये. किरकोळ ओरखडा असल्यास पाणी शिरणार नाही अशी पट्टी लावावी. काम करताना खिळा-पत्रा लागलाच तर साबणाने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट पुस्तकांतून फारशी लिहिलेली नसते, पण आपल्याकडे तिला फार महत्त्व आहे. ती म्हणजे तंबाखू. मध्येच हातमोजा काढून तळहातावर चुना-तंबाखू मळायची आणि ओठाखाली धरायची, म्हणजे मैला थेट तोंडात. काम पुरे होऊन साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू नाही, गुटखा नाही, चहाही नाही. हे काम सांगतानाच सांगून टाकावे. तिथले कपडे घरी इतर कपड्यांत मिसळू नयेत. वेगळे, शक्य तर गरम पाण्यात धुवावेत.

आधी घाण, मग साबण, मग टी.सी.एल.

आता प्रत्यक्ष सफाई. इथे क्रमालाच सारे महत्त्व आहे.

पहिल्यांदा घट्ट घाण आणि गाळ. फावडे, सुपडी, वायपर यांनी तो गोळा करून झाकणाच्या डब्यांत भरावा आणि टँकरबरोबर किंवा मोकळ्या झालेल्या चेंबरमधून वाटेला लावावा. रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात लोटू नये. सुरुवातीलाच जोराने पाइप मारू नये, शिंतोडे उडून भिंतींवर आणि फळ्यांवर बसतात. गाळ वाळेपर्यंत वाटही पाहू नये. वाळलेला मैला झाडताना धूळ होऊन नाकात जातो.

दुसऱ्यांदा साबणाचे पाणी. कपडे धुण्याची पावडर पुरे. वरून खाली, आणि आतल्या भिंतीकडून मोरीकडे, ताठ ब्रशने घासत यावे. पाणी जिथवर चढले होते त्याच्या वर हातभर भिंत घासावी. फरशीचे सांधे, शटरची खाच, काउंटरच्या खालचा कोपरा हीच खरी ठिकाणे. मधली फरशी तर कोणीही चकचकीत करतो. जंताच्या अंड्यांवर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. ती घासून आणि धुऊनच काढावी लागतात. तेव्हा सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

तिसऱ्यांदा टी.सी.एल. पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच ब्लीचिंग पावडर. १८४७ साली व्हिएन्नातील प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. आपली टी.सी.एल. त्याच कुळातली. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, दमट जागी पडून राहिली की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. म्हणून पिशवीवरची तारीख पाहावी.

प्रमाण असे : १० लिटरच्या बादलीत दीडशे ग्रॅम पावडर. अंदाजाने मूठ टाकू नये. बाजारपेठेत तराजूला काय तोटा! आधी थोड्या पाण्यात पावडर कालवून लगदा करावा, मग बादली भरावी, ढवळून थोडा वेळ ठेवावी. चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी वापरावे. धुतलेल्या फरशीवर, भिंतीवर ते पसरून अर्धा तास जागा ओली राहू द्यावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी. लोखंडी रॅक, शटर यांना हे पाणी गंज आणते. तिथे दहा मिनिटांत धुऊन कोरडे पुसावे. पाणी रोज ताजे करावे, कालचे आज वापरू नये.

घाणीवरच हे पाणी ओतले तर क्लोरीन त्या घाणीशीच झगडून संपतो, जंतूंपर्यंत पोचत नाही. दिल्लीच्या गढूळ पाण्याची गोष्ट आठवावी. कोरड्या पावडरीची पांढरी रेघ गटाराकाठी ओढतात, तीही दिसायला छान असते, विशेषतः कोणी मोठा पाहुणा येणार असेल तेव्हा. काम मात्र फारसे करत नाही.

इथे एक धोक्याचा इशारा देणे भाग आहे. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि टी.सी.एल. कधीही एकत्र करू नये. एकापाठोपाठ एकही वापरू नये. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत जाऊन माणूस गुदमरतो. "दोन्ही टाकली की चांगलं निघतं" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. टी.सी.एल. वापरताना दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, दम्याच्या रुग्णाने लांब राहावे. फिनेल हवेच असेल तर सर्व धुऊन वाळल्यावर दुसऱ्या दिवशी.

माल ठेवावा की टाकावा?

दुकानदाराचा जीव इथे अडकतो आणि ते स्वाभाविक आहे. पण नियम कठोर आहे. मैल्याचे पाणी लागलेले धान्य, पीठ, साखर, मसाले, कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पुड्यांतील बिस्किटे, हे सर्व बाद. वाळवून, दळून, भाजून ते शुद्ध होत नाही. असा माल विकणे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि गिऱ्हाईक आपल्याच गल्लीतले असते हेही खरे. पोत्यांच्या थप्पीतील खालचे पोते भिजले, वरचे कोरडे आहे, मग वरचे चालेल का? पोत्याला पाणी किंवा शिंतोडे लागलेच नसतील तर चालेल. खालचे पोते वर चढवून ठेवले असेल आणि नेमके कोणते भिजले होते हे आठवत नसेल, तर दोन्ही टाकावीत.

मेडिकल दुकानदारांसाठी तर शंकेला जागाच नाही. घाण लागण्याची शक्यता असलेल्या अस्वच्छ जागी ठेवलेले औषध १९४० च्या औषध कायद्यात भेसळयुक्त धरले जाते. पट्टी बाहेरून पुसून ती पुन्हा कपाटात ठेवणे हे रुग्णाच्या विश्वासाशी खेळणे होय. लस आणि इन्सुलिनचा फ्रीज बंद पडला असेल तर पाणी न लागलेला मालही थंडाव्याअभावी वाया गेलेला असू शकतो. त्याबद्दल वितरकाला आणि अन्न व औषध प्रशासनाला विचारावे.

कापड धुता येते. गरम पाणी, साबण आणि नंतर उन्हात वाळवणे. रंग जाईल, ते नवे म्हणून विकू नये एवढेच. गाद्या, उशा, फोमच्या खुर्च्या टाकाव्यात. प्लायवूडचे आणि भुशाच्या पाट्यांचे काउंटर आत पाणी शोषतात, फुगतात आणि महिनाभर वास मारत राहतात. त्यांचा खालचा भाग कापून काढावा. सागवानी लाकूड, स्टील, काच, कडक प्लॅस्टिक हे घासून, टी.सी.एल.च्या पाण्याने पुसून वापरता येते. हिशेबाच्या वह्या भिजल्या असतील तर मोजे घालून, पाने सुटी करून वाळवावीत. मजकूर वाचता येत असेल तर मोबाइलवर फोटो काढून मूळ वह्या बाजूला बांधून ठेवाव्यात.

टाकायच्या मालाचे आधी फोटो काढावेत, विमा असेल तर लागतात. नंतर पोती फाडून, त्यांत टी.सी.एल. किंवा चुना मिसळून मगच माल टाकावा. धान्य जसेच्या तसे उकिरड्यावर टाकले तर रात्री कोणी गरीब ते वेचून घरी नेतो, नाहीतर गुरे खातात. दुकानदाराची जबाबदारी दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही.

पाण्याची टाकी विसरू नका

संकुलात जमिनीखालची पाण्याची टाकी अनेकदा सेप्टिक टँकपासून हाकेच्या अंतरावर असते. तिच्या झाकणावरून मैल्याचे पाणी गेले असेल, तर ते पाणी आत गेलेच असे समजावे. टाकी रिकामी करून, आतून घासून, पुन्हा भरावी आणि दर हजार लिटरला दीडशे ग्रॅम टी.सी.एल. टाकून २४ तास तशीच ठेवावी. ते पाणी पिण्याचे नव्हे, ते सोडून द्यावे. मग नवे पाणी भरून नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी करून घ्यावी. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तिचे साहित्य असते. पाण्याला पिवळी छटा आली म्हणजे क्लोरीन आहे. तोवर चहाच्या हॉटेलासह सर्वांनी बाहेरचे पाणी उकळून वापरावे. बोअर जवळ असेल तर त्याचेही पाणी तपासून घ्यावे.

धुतल्यानंतर वाळवणे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलै महिन्यात हे लिहिणे सोपे आणि करणे कठीण, याची कल्पना आहे. पण ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरू लागते आणि तिच्यामुळे दमेकऱ्यांना धाप लागते. वीज सुरक्षित झाल्यावर पंखे लावावेत, शटर उघडे ठेवावे, रॅक भिंतीपासून पुढे ओढावेत. पोकळ वाजणारा गिलावा फोडून काढावा. ओल्या भिंतीवर घाईने रंग मारल्यास खालची ओल कोंडून राहते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. घासणे, धुणे, टी.सी.एल. आणि फरशी कोरडी, एवढे झाल्याशिवाय दुकान उघडू नये. किराणा आणि हॉटेल यांनी आणखी एक दिवस थांबून ओटे, भांडी, पाण्याचा फिल्टर पुन्हा धुवावा. फिल्टरची कांडी बदलावी.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे हे सर्व गाळेधारकांनी मिळून बसून ठरवायचे आहे. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची आणि वर्गणी तेव्हाच गोळा करायची. हॉटेलच्या मोरीला तेल अडवणारी कुंडी बसवायची, ती हॉटेलवाल्यानेच दर आठवड्याला साफ करायची. तळमजल्याच्या निकासावर उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह प्लंबरकडून बसवून घ्यायचा. त्याला खर्च फार नाही. आणि टाकीच्या झाकणाची जागा भिंतीवर रंगाने लिहून ठेवायची. आमच्या पाहण्यातील एका संकुलात टाकी शोधण्यासाठी तीन ठिकाणी फरशी फोडावी लागली होती.

सफाईनंतरचे दोन महिने

ज्यांनी ज्यांनी त्या पाण्यात काम केले, त्यांनी काम संपताच साबणाने अंघोळ करावी आणि डॉक्टरांना भेटावे. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध देता येते. पाण्याशी संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत ते सुरू झालेले बरे. मात्र गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत, म्हणून मनाने घेऊ नये. सफाईचे काम ज्यांना वारंवार करावे लागते त्यांनी विषमज्वर आणि काविळ-ए यांच्या लसींबद्दल विचारावे. काविळ-ई ची लस आपल्याकडे सर्वसाधारण वापरात नाही.

रोग लगेच दिसतातच असे नाही. जुलाब-उलट्या काही तासांत किंवा पाच दिवसांत सुरू होतील. लेप्टोचा ताप बहुधा एक-दोन आठवड्यांत येतो : थंडी वाजून ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. लघवी कमी झाली, धाप लागली किंवा डोळे पिवळे झाले तर तासाचाही उशीर न करता मोठे रुग्णालय गाठावे. विषमज्वराला तीन-चार आठवडे लागू शकतात. काविळ तर दोन महिन्यांनीही उगवते आणि तोवर ते घाण पाणी सारे विसरलेले असतात. म्हणून दुकानातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावी, कोणी कोणी काम केले त्यांची नावे मागे लिहावीत आणि पुढील ६० दिवसांत त्यांपैकी कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख दाखवावी.